तलाव पाहायला येता, तर सलंगही पाहा

आमच्या तलावावर आता रविवारी गाड्यांची रांग लागते. ब्रह्मपुरीचे, वरोऱ्याचे, नागपूरचेसुद्धा लोक येतात. पाळीवर उभं राहून फोटो काढतात, भजी खातात आणि कागद तिथंच टाकून जातात. नातवाच्या फोनमध्ये जगातल्या पाहण्यासारख्या जागांची चित्रं आहेत. वाळवंटातले दगडाचे डोंगर, चीनची भिंत, एक धबधबा, ज्याचे तुषार ढगांसारखे वर जातात. त्याने मला विचारलं, यातलं तू काय पाहिलंस? मी म्हटलं, काही नाही. चांद्याचा परकोट पाहिला, मार्कंड्याची देवळं पाहिली आणि आपला तलाव पाहिला.

पण चीनची भिंत माणसांनी हातांनी बांधली म्हणून लोक तोंडात बोट घालत असतील, तर आमची पाळही हातांनीच बांधली आहे. दोन टेकड्यांच्या मध्ये टोपल्यांनी माती टाकून जंगलाचं सगळं पाणी अडवलं आहे. या टोकावरून त्या टोकाचा माणूस बगळ्याएवढा दिसतो. जुने लोक सांगत की पाळ उभी राहत नव्हती, म्हणून एक नवराबायको तिच्यात जिवंत पुरली. खरं-खोटं मला माहीत नाही. पण पाळ वाचवायला आणि धान वाचवायला माणसं काय करतात ते मी पाहिलं आहे, त्यामुळे मला ती गोष्ट अशक्य वाटत नाही.

पाहायला येणारे लोक पाळ पाहतात आणि परत जातात. सलंग कुणी पाहत नाही. पाळीच्या एका टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी, खडक फोडून रुंद वाट केलेली आहे. तलाव भरला की जास्तीचं पाणी तिथून खाली नाल्यात पडतं. तो सलंग. तो बुजला तर पाणी पाळीवर चढतं, आणि मातीच्या पाळीवरून पाणी गेलं की पाळ राहत नाही. एवढं समजलं की सगळा तलाव समजला.

मी चौथी शिकले आणि मग लग्न होऊन या गावात आले. पन्नास सालानंतरची दोन-तीन वर्षं गेली असतील. आम्ही ढिवर. आमची घरं सलंगाच्या वरच्या चढावर होती. खाली, पाळीच्या पायाशी, शेतकऱ्यांचं गाव आणि त्यांचं धान. धानाला पाणी द्यायचं असलं की पाळीतून गेलेल्या दगडी नळीचं लाकडी बूच काढावं लागे. ते खोल पाण्यात असे. बुडी मारून ते काढायचं आणि बसवायचं काम आमच्या पुरुषांचं. त्याच्या बदल्यात तलावातली मासोळी आमची.

मासोळी तलावात राहिली तर आमची. तलाव भरून वाहू लागला की ती पाण्याबरोबर सलंगातून पळते. म्हणून श्रावणात आम्ही सलंगावर ताटी उभी करायचो. बायका बांबूच्या कमच्या विणायच्या, पुरुष खुंट ठोकून ती आडवी बांधायचे. पाणी जायचं, मासोळी अडायची. पाणी फार चढलं तर ताटी काढायची, हा आमच्या आणि गावाच्या मधला जुना करार होता. किती चढलं म्हणजे फार, ते देवीवरून ठरायचं. सलंगाच्या काठावर शेंदूर लावलेला एक दगड खडकावर बसवलेला होता. पाणी देवीच्या पायाला लागलं की ताटी काढायची. दुसरं माप नव्हतं. दुसऱ्या मापाची गरजही पडली नव्हती कधी.

माझ्या लग्नानंतर एका उन्हाळ्यात गावाने ठरवलं की देवी जमिनीवर बसते, कुत्री येतात, तिला ओटा बांधू. सिमेंट तेव्हा नवीन होतं. ते पाटलाने आणलं. या पाटलाचं धान सलंगाखालच्या नाल्याच्या दोन्ही काठांना होतं आणि गावात त्याच्याएवढं धान कुणाचं नव्हतं. रेती आम्ही ढिवरांच्या बायकांनी वाहिली. कमरेएवढा ओटा झाला. बकरा कापला, देवी उचलून वर बसवली, सगळे पाया पडले. सगळं गाव तिथं होतं. मीही होते. देवीबरोबर आपलं मापही वर गेलं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

माझ्या नवऱ्याचा हात लवकर सुटायचा. पहिल्यांदा त्याने मारलं तेव्हा मी रडले. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा मी वल्हं उचललं. त्यानंतर तो तोंडानेच भांडायचा. पाण्यात मात्र त्याच्यासारखा माणूस नव्हता. पाटील आमच्या माणसांना त्याच्या शेताच्या धुऱ्यावर जाळी वाळत घातली म्हणूनही बडवायचा, पण बूच काढायचं असलं की माझ्या नवऱ्यालाच बोलावणं पाठवायचा.

पोळा झाला आणि पाऊस धरून बसला. थांबेचना. सासरा रोज सकाळी डोक्यावर पोतं घेऊन देवीकडे जायचा आणि परत यायचा.

सासू विचारायची, "पाह्यले का पाय?"

"पाह्यले. कोरडे हायेत. अजून मस्त जागा हाय."

"मले तं पानी जास्तच वाटून राह्यलं," माझा नवरा म्हणाला.

"तुले वाटते! देवीले समजते का तुले समजते बे?"

त्या दिवशी सकाळी आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा पाळीकडून आरडाओरडा ऐकू आला. गुरांच्या येण्याजाण्याने पाळ मध्यभागी थोडी बसली होती. तिथून पाणी पलीकडे जायला लागलं होतं. आम्ही पळालो. गावातले लोक घराची दारं, खाटा, तणसाचे भारे, जे हाताला लागेल ते आणून तिथं टाकत होते. पाळीच्या खालच्या अंगाला मातीचा एक लोंढा सुटला आणि त्यात उभा असलेला एक माणूस छातीपर्यंत गाडला गेला. त्याला केसांना धरून वर काढला. तो ओरडत नव्हता, तोंडात माती होती.

सासरा देवीकडे पाहायला पळाला. पाय कोरडेच होते. तो वेड्यासारखा देवीकडे आणि पाळीकडे पाहत राहिला. माझ्या नवऱ्याने ताटीकडे बोट दाखवलं.

ताटी राहिलीच नव्हती, भिंत झाली होती. जंगलातून वाहून आलेला सागाचा पाला, फांद्या, आख्खी झुडपं तिला चिकटली होती. मध्ये एका चितळाचं मढं अडकलं होतं, पोट फुटलेलं. फांद्यांवर साप बसले होते. पाणी तिच्यातून जात नव्हतं, वरून जात होतं, आणि बाकीचं पाळीवर चढत होतं.

नवऱ्याने कोयता घेतला, कमरेला अंबाडीची दोरी बांधली. सासऱ्याने काठावरच्या ऐनाच्या झाडाला दोरीचा एक फेरा दिला आणि पुढचं टोक स्वतःच्या हातात धरलं. बुडी मारणाऱ्याची दोरी आमच्यात बांधत नाहीत, धरतात. माणूस खाली अडकला तर लगेच ढील द्यावी लागते. बांधलेल्या दोरीने तो तिथंच मरतो. धरणारा माणूस चुकला तरीही मरतो. म्हणून बापाची दोरी पोरगा धरतो, पोराची बाप.

नवरा पाण्यात उतरला आणि ताटीच्या खुंटांच्या दोऱ्या तोडायला लागला. सासरा थोडी थोडी दोरी सोडत होता. मी त्याच्या मागे उभी होते. तेवढ्यात पाटील आला. बरोबर त्याचा धाकटा भाऊ आणि तीन-चार गडी, सगळ्यांच्या हातात काठ्या.

"ए बुढ्या! ताटी तोडून राह्यला का बे?"

"पाळ जाऊन राह्यली पाटील!"

"माझं धान हाय खाली! एका टायमाले सोडशील तं नाला सारं घेऊन जाईन. हळूहळू काढ!"

"पानी माझं ऐकते का, हळूहळू ये म्हनाले? पाळ गेली तं गाव जाते!"

"वर घे त्याले! वर घे मनतो ना!"

सासऱ्याने मान हलवली. पाटलाने काठी घातली. पहिली पाठीवर बसली. मग गड्यांनी सुरू केलं. सासरा हाडांचा माणूस, अंगावर मांस नव्हतं, काठीचा आवाज लाकडावर लाकूड आपटल्यासारखा येत होता. त्याने हात वर केले नाहीत. डोकं खाली घातलं, पाय झाडाच्या मुळाला लावले आणि दोरी धरून राहिला. बेचाळीस साली, चिमूरच्या उठावानंतर, मासोळी विकायला तिथं गेला असताना त्याला शिपायांनी धरून बडवला होता. तो मार खाता खाता म्हणाला, "चिमुरात याहून जोरानं पडली होती, पाटील. तुमचा हात कच्चा हाय."

तेव्हा पाटलाने हातांवर मारलं. दोन्ही हातांच्या बोटांवर. मला तो आवाज अजून ऐकू येतो, वाळलेल्या काटक्या मोडल्यासारखा. बोटं उघडली आणि दोरी सुटली.

मी दोरीवर पडले. ती माझ्या हातांतून पळत होती आणि तळहातांची कातडी घेऊन जात होती. मी ओढली जाऊन झाडावर आपटले. खांदा निखळला असं वाटलं. झाडाला फेरा होता म्हणून दोरी थांबली. पाण्यात नवरा दिसत नव्हता. दोरी ताणलेली होती, म्हणजे तो तिच्या टोकाला होता. जिवंत की मेलेला, ते दोरीवरून कळत नाही.

पाटलाच्या धाकट्या भावाने माझ्या पोटात लाथ मारली. मी दोरी सोडली नाही. त्याने परत मारली. मी त्याच्या पिंडरीला चावले आणि दात रुतेपर्यंत चावले. तोंडात रक्त आलं, त्याचं की माझं ते कळलं नाही. माझा समोरचा दात तिथंच पडला.

सासू कोयता घेऊन आली. ती घरातला दुसरा कोयता आणायला गेली होती, ताटी तोडायला. तिने सासऱ्याची बोटं पाहिली आणि पाटलाच्या डोक्यावर वार केला. पाटील वळला म्हणून वाचला. कोयता कानावर बसला. अर्धा कान खाली लोंबला.

"आता तोंड इकडे कर!" सासू म्हणाली. "दुसराही सारखा करून देतो!"

गडी मागे सरले. सासू बुटकी होती, पण तिच्यासमोर कुणी येईना.

आणि ताटी गेली. आधी एक खुंट मोडला, मग सगळे. एवढा मोठा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. पाला, झाडं, चितळ, साप, बांबू, सगळं एकदम सलंगातून खाली पडलं आणि पाणी वर उसळलं. सलंगाचा खडक हलतो आहे असं पायाला कळत होतं. लोक ज्या धबधब्याची चित्रं पाहतात, तसंच असेल ते. आम्हाला पाहायला वेळ नव्हता. पाटील मात्र पाहत होता. कानाला हात लावून तो नाल्याकडे पाहत उभा होता. नाला दोन्ही काठांवर चढला आणि पोटरीत आलेलं धान चिखलासकट उचलून घेऊन गेला. पाटील खाली बसला.

दोरी माझ्या हातात ताणलेली होती, ओढायला माझ्यात जोर नव्हता. सासऱ्याचे हात गेले होते. सासू माझ्यामागे येऊन लागली, तरी दोरी येईना. तेव्हा तिसरे हात दोरीला लागले. पाटलाचा धाकटा भाऊ. त्याच्या पिंडरीतून रक्त गळत होतं.

"पाहून काय राह्यली! ओढ ना!" तो माझ्यावर ओरडला.

आम्ही ओढलं. नवरा उलटा वर आला, पाठ वर. त्याला काठावर घेतला तेव्हा ताटीचा खुंट त्याच्या मांडीत घुसून मागून निघालेला होता. सासूने पोट दाबलं. पाणी निघालं, मग श्वास आला. ती खुंट उपसायला गेली तर सासरा ओरडला, "उपसू नको! सारं रक्त जाईन!" म्हणून तिने त्याच कोयत्याने बांबू दोन्हीकडून तोडून आखूड केला. प्रत्येक घावाला नवऱ्याचं अंग उडत होतं. मी त्याच्या छातीवर बसून राहिले. माझ्या लुगड्याचा पदर फाडून मांडी बांधली.

पाळीवरचं पाणी उतरायला लागलं. तिकडून लोकांचा ओरडा आला, या वेळी आनंदाचा. आमच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

ब्रह्मपुरीला दवाखाना होता. रस्ता चिखलाचा. त्या चिखलातून गाडी ओढतील असे बैल गावात एकाचेच होते. सासू पाटलाकडे गेली. तो अजून तिथंच बसला होता, डोक्याला धोतराचं फडकं बांधून.

"गाडी जुंप."

"माझा कान कापला तू, भवाने!"

"अर्धाच कापला. गाडी जुंप. तुलेही दवाखान्यातच जा लागते ना."

पाटलाने भावाला बैल आणायला सांगितलं.

गाडीत पाटील एका बाजूला, सासरा दुसऱ्या बाजूला हात मांडीवर ठेवून, मध्ये तणसावर माझा नवरा, त्याचं डोकं माझ्या मांडीवर. धाकटा भाऊ पुढे बसून गाडी हाकत होता. सासू मागे राहिली. गाडी खड्ड्यात गेली की चौघं ओरडायचे. फक्त नवरा ओरडत नव्हता. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"जित्ता हाय का?" पाटील दर थोड्या वेळाने विचारायचा.

"हाय."

"मेला तं सांगजो. मी उतरतो. मढ्याच्या गाडीत मी नाई बसत."

"गाडी तुमचीच हाय," मी म्हटलं.

"म्हनून तं सांगून राह्यलो."

सासरा आपल्या मोडलेल्या बोटांकडे पाहत होता. मग म्हणाला, "पाटील, पाय कोरडे होते गा."

"कोनाचे पाय?"

"देवीचे. मी रोज पाहून राह्यलो. आजही कोरडे होते. बापजन्मी असं झालं नाई. पाय कोरडे आन् पानी पाळीवर."

पाटलाने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. गाडी एक वळण पुढे गेली.

"बुढ्या," तो म्हणाला, "देवी आपन वर नेली ना."

सासऱ्याने त्याच्याकडे पाहिलं.

"उन्हाळ्यात. ओटा नाई का बांधला?"

"हो," सासरा म्हणाला. "कमरेएवढा."

गाडी हाकणारा भाऊ मागे वळून दोघांकडे पाहायला लागला तर पाटलाने त्याच्या पाठीत बुक्की घातली. "बैलाकडे पाह्य! मायाकडे काय पाह्यतं?"

थोड्या वेळाने तो सासऱ्याला म्हणाला, "सिमेंट मी आनलं होतं."

"रेती आमच्या बायकांनी वाह्यली."

"बकरा कोनाचा होता?"

"साऱ्यांचा."

पाटील हसला आणि कान दुखला म्हणून शिवी दिली. इकडे गावात, आम्ही दवाखान्यात पोचायच्याही आधी, सासूने लोखंडी सबल घेऊन ओटा फोडला होता आणि देवी पुन्हा खडकावर ठेवली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पाणी उतरल्यावर ताटीचे उरलेले खुंट काढायला ती सलंगावर गेली, तेव्हा तिला पाण्याची खूण ओट्यावर दिसली, पायाच्या बरीच खाली. गावातले लोक उभे राहून पाहत होते. कुणी अडवलं नाही, कुणी हातही लावला नाही.

दवाखान्यात डॉक्टरने एकेकाकडे पाहिलं. कान, बोटं, मांडी, माझे हात आणि तोंड, भावाची पिंडरी.

"हे काय झालं?"

"बैलानं मारलं," पाटील म्हणाला.

"तुमचा कान?"

"बैलानंच."

"आणि यांची पिंडरी?"

पाटलाने माझ्याकडे पाहिलं. "कुत्रं चावलं," तो म्हणाला.

डॉक्टरने नवऱ्याला टेबलावर घेतलं. बांबू काढायचा होता. तो म्हणाला की आधीच रक्त फार गेलं आहे, काढताना आणखी जाईल, सांगता येत नाही. त्याने सुई दिली, पण ती पुरी चढायच्या आत बांबू काढावा लागेल, दोघांनी घट्ट धरा, असंही म्हणाला. सासऱ्याला धरता येत नव्हतं. माझ्या हातांना फडकी बांधली होती. मी एक पाय काखेत धरला. खांदे धरायला माणूस हवा होता. पाटील पुढे आला आणि आपलं सगळं वजन घालून माझ्या नवऱ्याच्या छातीवर वाकला.

डॉक्टरने बांबू धरला आणि ओढला. तो एका ओढीत आला नाही.

इतका वेळ माझा नवरा मढ्यासारखा पडलेला होता. त्याने डोळे उघडले. समोर पाटलाचं तोंड होतं, इतकं जवळ की पाटलाच्या कानातलं रक्त त्याच्या गालावर पडत होतं. त्याने पाटलाला आईवरून शिवी दिली. मग बापावरून. मग त्याच्या बैलांवरून, धानावरून, सात पिढ्यांवरून. मी लग्न झाल्यापासून त्याच्या शिव्या ऐकत होते, पण त्यातल्या कित्येक मी तिथं पहिल्यांदा ऐकल्या. बांबू निघाला. रक्त टेबलावरून माझ्या पायांवर आलं. तो शिव्या देतच होता, आवाज चढत चालला होता.

पाटलाने त्याला सोडलं नाही. मान वळवून तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "जगते हा. मरनाऱ्यात इतका दम नसते."